माशांचा नवतपा

ग्वाल्हेरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लागेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. तरी आमच्या जनकगंजातल्या घरी बैठकीच्या कोपऱ्यात ६० लिटर समुद्र आहे. तो पार्सलने आला. म्हणजे मीठ पार्सलने आलं, पाणी आमच्याच आरओचं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ कालवलं की समुद्र तयार. हा उद्योग आमच्या चिरंजीवांचा. त्यांनी टाकी मांडली, दोन क्लाउनफिश, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक झिंगा आणि दगडाला चिकटलेलं थोडंसं प्रवाळ आणलं, आणि नोकरी लागल्याबरोबर बंगळूरला निघून गेले. आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. पहिला प्रश्न, "आई, किती?" आजीचे गुडघे, माझं बीपी, हे सगळं नंतर. आधी टाकीचं तापमान.

ते २५-२६ अंश असावं. २८ला चालतं. तिशी ओलांडली की प्रवाळ पांढरं पडायला लागतं आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, कारण पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमका तेव्हाच त्यांना तो जास्त लागतो. आता मे महिन्यात ग्वाल्हेरमध्ये २६ अंश कुठे असतात, ते मला कुणी सांगावं. पहाटे चारलासुद्धा नसतात. सूर्य रोहिणीत शिरला आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला, की बाहेर ४५ आणि जाड भिंतींच्या आत ३६. त्या ३६ला आम्ही गारवा म्हणतो.

"समुद्रात कोण एसी लावायला जातं?" हा ह्यांचा आवडता मुद्दा. तो ऐकायला बरा आहे, पण समुद्र दुपारच्या उन्हाने तापत नाही, एवढा मोठा आहे तो. ६० लिटर पाणी मात्र जेवणं उरकेपर्यंत दोन अंश चढतं. आणि खुद्द समुद्राचंही काही खरं नाही. १९९८ साली लक्षद्वीपकडचं पाणी नेहमीपेक्षा थोडंसंच जास्त तापलं, तर तिथली केवढी तरी प्रवाळं पांढरी पडली. हे मी सांगितल्यावर ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आमच्याकडे ती शरणागती समजतात.

दुसऱ्या दिवशी हे बर्फाची लादीच घेऊन आले. गोणपाटात गुंडाळलेली, भुसा चिकटलेली. ती टाकीत सोडणार होते! गोड्या पाण्याचा एवढा मोठा गोळा खाऱ्या पाण्यात, वर तो भुसा. मी आडवी पडले म्हणून झिंगा वाचला. लादीचं आम्ही पन्हं करून प्यायलो. मग फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकीत तरंगत ठेवायचं ठरलं. त्याने होतं काय, की पारा झरकन उतरतो आणि बाटली वितळली की तितकाच झरकन चढतो. माशांना उकाडा एक वेळ सोसतो, हे वरखाली होणं सोसत नाही. शिवाय फ्रीजरमध्ये समुद्राच्या बाटल्या आणि कुल्फी एकत्र नांदेनात, आणि त्या भांडणात माझी सहानुभूती कुल्फीला होती.

उपाय सापडला तो सासूबाईंच्या तोंडून. त्यांनी पहिल्या दिवसापासून टाकीकडे पाठ फिरवली होती. देवघराच्या भिंतीला मासे, हे त्यांना पटणारच नव्हतं. एके दिवशी पाठ तशीच ठेवून म्हणाल्या, "माठ गार कसा होतो? पाणी उडतं म्हणून. त्या काचेतून कुठून उडणार? झाकण काढ आणि वारा घाल." झालं! वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून उन्हाळे काढलेल्या बाईला हे पुस्तकात बघावं लागत नाही. झाकण काढलं, मासे उडी मारू नयेत म्हणून मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला, आणि कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तसला छोटा पंखा पाण्यावर तिरका टांगला. एक लिटर पाणी उडून जाताना एवढ्याशा टाकीतून नऊ-दहा अंशांची उष्णता ओढून नेऊ शकतं. खोली तेवढ्यात पुन्हा ती भरते, हा भाग वेगळा. तरी संध्याकाळी खोली ३६वर आणि टाकी २८वर होती. आमच्या कोरड्या लूचा, त्या भाजणाऱ्या वाऱ्याचा, कुणाला तरी उपयोग झाला, हे प्रथमच पाहिलं.

उडालेलं पाणी मात्र रोज भरावं लागतं, आणि ते गोडंच. पाणी उडतं, मीठ आत राहतं. काचेवर मी चिकटपट्टीने खूण केली आहे. पाणी तिच्याखाली गेलं की तांब्याने आरओचं पाणी हळूहळू ओतायचं. जे मीठ उडत नाही ते शिंतोड्यांतून बाहेर येतं. टाकीच्या कडेला, पंख्याच्या पात्यांवर, भिंतीच्या चुन्यावर, सासऱ्यांच्या फोटोच्या चौकटीवर पांढरी, खरखरीत पुटं धरतात. रोज ओल्या फडक्याने पुसा, रोज धरतात. आणि नळ एक दिवसाआड. तिघऱ्याच्या धरणातून आलेलं पाणी आधी समुद्राला, मग देवाला, मग माणसांना, असा आमच्या घरचा क्रम झाला आहे. जावयाची एवढी बडदास्त आम्ही ठेवली नव्हती.

पुढचं युद्ध खिडकीवरून. टाकीवरच्या पंख्याला कोरडी हवा हवी, म्हणजे खिडकी किलकिली हवी. लू आत येते म्हणून हे ती बंद करतात आणि कूलर लावतात. बंद खोलीत कूलरने दमट होतं, अंगाला कपडे चिकटतात, आणि पंखा नुसता फिरत राहतो, पाणी काही उडत नाही. मी उघडते, हे लावतात. शेवटी फटीत चपला अडकवून तह झाला. दिव्याचीही उष्णता नको म्हणून माशांचा दिवस मी संध्याकाळी सहाला उगवते आणि मध्यरात्री मावळवते. त्यांची तक्रार नाही. क्लाउनफिशमध्ये मोठी असते ती बाई, आणि ती गेली तर नवऱ्याचीच बाई होते. हे कळल्यापासून आमचे हे माझ्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच करतात.

मग ऐन नवतप्यात भर दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर टाकीचा पंप आणि माणसांचा एक पंखा, एवढंच चालतं. तासाभराने इन्व्हर्टरनेही मान टाकली. सेलवरचा हवेचा पंप लावून मी पाण्यात बुडबुडे सुरू केले, पण पारा २९च्या पुढे निघाला. पाहते तर सासूबाई पाट ओढून टाकीसमोर बसलेल्या, हातात वाळ्याचा विंझणा, आणि पाण्यावर संथ, एका लयीत वारा घालताहेत. ओठांत जप. पाठ आता आमच्याकडे होती. हे कोपऱ्यातून म्हणाले, "आई, इकडेही घाल की थोडा." त्यांनी मानही वळवली नाही. "तू बाहेर जाऊन बसू शकतोस. ते कुठे जातील?" लाइट येईपर्यंत पारा तिथेच अडला.

जूनच्या अखेरीला पाऊस आला. गल्ली गच्चीवर नाचत होती आणि मी थर्मामीटर धरून बसले होते, कारण हवा दमट झाली की पंख्याचा खेळ संपला. पाणी उडेना, टाकी ३०वर. "वाड्याच्या भिंती जाड आहेत" म्हणत आयुष्यभर एसी न घेतलेल्या माणसाने तिसऱ्या दिवशी निमूटपणे एसी घेतला. तो बैठकीत लागला त्या रात्री सासूबाईंनी आपली खाट तिकडे हलवली. रात्री कुणीतरी लक्ष ठेवायला नको का? ह्यांनी आपली गादी उचलली तर त्यांनी दारातच अडवलं.

"तू नको. तू घोरतोस, मासे दचकतात."