मंडळ करमुक्त असलं म्हणून त्याचं पेट्रोल करमुक्त होत नाही

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "आपलं मंडळ ५०१(सी)(३) आहे ना? मग पेट्रोल-डिझेलवरचा सगळा कर परत मिळतो. रस्त्याबाहेर जाळलेल्या इंधनाचाही मिळतो. फॉर्म ४१३६ भरा, पावत्या लागत नाहीत." यातलं खरं एवढंच, की फॉर्म ४१३६ हा इंधनावरचा कर परत मागायचा अर्ज आहे आणि काही इंधनावरचा कर परत मिळतो.

"५०१(सी)(३) आहे ना?" हे विनानफा, धर्मादाय संस्थांच्या करमुक्तीचं कलम, आणि ती सवलत प्राप्तिकरापुरती. इंधनाच्या फेडरल कायद्यात सवलत आहे ती विनानफा शिक्षणसंस्थेला: ठरलेले शिक्षक, अभ्यासक्रम, नाव नोंदवलेले विद्यार्थी आणि नेहमीची जागा हवी. ५०१(सी)(३) संस्थेने चालवलेली शाळाही यात बसू शकते. म्हणजे मंडळाची मराठी शाळा या कसोट्यांना उतरली, तर तिला दार उघडं आहे. पण फक्त शाळेच्या कामाच्या इंधनापुरतं. नाटकाचा सेट आणायला गेलेल्या व्हॅनचा तिथे संबंध नाही. कार्यकर्त्याने स्वतःच्या गाडीत भरलेलं पेट्रोल तर नाहीच. त्याला वजावटी तपशीलवार दाखवून मैलाला १४ सेंट धरता येतात, पण तो विषय निराळा.

"सगळा कर" म्हणजे किती? पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट फेडरल कर, डिझेलवर २४.४. परत मिळतात १८.३ आणि २४.३, उरलेला ०.१ सेंट जमिनीखालच्या टाक्यांच्या गळतीच्या निधीत जातो. राज्याचा कर वेगळा, त्याचे नियम आणि अर्जही वेगळे.

खरा घोळ "रस्त्याबाहेर" या शब्दाचा. रजिस्टर केलेला ट्रक शेतातून किंवा खासगी आवारातून नेला म्हणून रस्त्याबाहेरचा होत नाही. इंधनाचा वापर धंद्यातला हवा आणि यंत्रही रस्त्यावर चालवायला नोंदलेलं नसावं: फोर्कलिफ्ट, बुलडोझर, कॉम्प्रेसर. बागकामाचा धंदा असलेल्याच्या मोअरचं पेट्रोल चालतं, घरच्या हिरवळीवरच्या मोअरचं नाही. काँक्रीट मिक्सरचा ड्रम ट्रकच्याच इंजिनावर फिरत असेल तर काही मिळत नाही. ड्रमला वेगळं इंजिन असेल तर मिळतं. टाकी दोघांत एकच असेल तर वाजवी अंदाज चालतो, पण तो कसा काढला ते लिहून ठेवा.

डिझेलला एक जादा वाट आहे. रस्त्यावरची गाडी किंवा रेल्वे चालवायला न वापरलेलं डिझेल धंद्यातलं नसलं तरी चालतं. गणेशोत्सवात जनरेटरने ४० गॅलन कर भरलेलं डिझेल खाल्लं, तर परतावा ९ डॉलर ७२ सेंट. पेट्रोलवरच्या जनरेटरला ही वाट नाही. रस्त्याबाहेरच्या वापरासाठी लाल रंग घातलेल्या डिझेलवर मुळात गळती निधीचा ०.१ सेंट सोडून करच नसतो, त्यामुळे परत काय मागणार? उलट तेच गाडीत भरून रस्त्यावर आणलं तर गॅलनला १० डॉलर किंवा १,००० डॉलर, यातला मोठा आकडा दंड.

"पावत्या लागत नाहीत" हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. तारीख, गॅलन, विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि कोणत्या यंत्रात वापरलं, हे सगळं हाताशी हवं. अशा खोट्या दाव्यांबद्दल आयआरएसने (अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने) आपल्या कर-घोटाळ्यांच्या 'डर्टी डझन' यादीत इशारा दिलेला आहे. वाजवी कारण नसताना जास्त मागितलं, तर जास्तीच्या रकमेच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

आणि फॉर्म ४१३६ प्राप्तिकराच्या विवरणपत्राला जोडायचा असतो. मंडळाला ९९०-टी (करमुक्त संस्थेच्या इतर धंद्याच्या उत्पन्नाचं विवरणपत्र) भरावा लागत नसेल, तर परतावा मागायचा फॉर्म ८८४९ आणि त्याचं शेड्यूल १. तिमाहीचा दावा किमान ७५० डॉलरचा लागतो. धंद्यात इंधनाचा खर्च आधीच वजा केला असेल, तर परत मिळालेला कर उत्पन्नात दाखवावा लागतो.