सहाचा पाढा आणि तीन शिट्ट्या

चौतीस वर्षं मी बँकेत कॅशियर होतो. शंभराची गड्डी हातात असताना समोरचा खातेदार भोवळ येऊन पडला असता, तरी मी आधी अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर केलं असतं आणि मग पाण्याचा ग्लास शोधला असता. त्यामुळे "क्रोशाची टोपली म्हणजे काय, मोजायचंच तर असतं," हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आईला वाटलं. तिने काही न बोलता पलंगाखालून उशीचा एक जुना अभ्रा ओढून काढला.

त्या अभ्र्यात आमच्या घराण्याचा इतिहास गुंडाळून ठेवलेला आहे. लेकीच्या टोपड्याची पिवळी लोकर, बाबांच्या मफलरची राखाडी, आणि माझ्या त्या स्वेटरची मरून, ज्याची एक बाही लांब झाल्यामुळे मी सबंध हिवाळा खिशात हात घालून काढला होता. कुठलाच गुंडा इतका मोठा नाही की त्याचं काही होईल, आणि इतका छोटा नाही की आई टाकू देईल. त्यातून चाव्या, चार्जर आणि चष्म्याची घरं ठेवायला एक लहानशी टोपली करायची, असं ठरलं.

"दोन धागे एकत्र घे, म्हणजे टोपली ताठ उभी राहील," आई म्हणाली. "पहिल्या फेरीत सहा मुके खांब, म्हणजे आखूड टाके. दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, चोवीस, तीस. दर फेरीला सहाच वाढव."

सहाचा पाढा! मला हसूच आलं.

"आणि मुका खांब का म्हणतात, ठाऊक आहे?"

"का?"

"मुकाट्याने घालायचा असतो."

अडचण नेमकी तिथे होती. बँकेत माझ्याभोवती काच होती आणि काचेला हात जाईल एवढीच खिडकी. घरात माझ्याभोवती घर होतं. सतरा, अठरा... "अहो, इस्त्रीवाला किती म्हणाला?" "बावीस." बावीस नव्हे, बारा कपडे होते, आणि टाके बावीस होते की एकोणीस हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला खूण हवी, म्हणून बँकेतल्या सवयीने मी टाचणी लावली. ती प्रत्येक फेरीला न चुकता मला टोचून हजेरी देत होती.

पण खरा घात कुकरने केला. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा," असं सांगून बायको खाली भाजी आणायला गेली. आता एका डोक्यात दोन खाती उघडली गेली. एकतिसाव्या टाक्याला पहिली शिट्टी झाली आणि मी ती बत्तिसावा टाका म्हणून जमा केली. पुढच्या शिट्ट्याही त्याच खात्यात गेल्या. भाताची पेज झाली. टाक्यांचा हिशेबही लागेना, तेव्हा शंका येईल तिथे मी एक वाढ घालत गेलो. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं, असं मला वाटलं. (कॅशियरने असं वाटून घ्यायचं नसतं, हे मला ठाऊक आहे.)

टोपलीचा तळ सपाट व्हायच्या ऐवजी त्याला झालरी फुटायला लागल्या. कोबीचं पान असतं ना, तसं. आईने पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "उसव."

लेक मात्र व्हिडिओ कॉलवर भलतीच खूश झाली. ती गणित शिकवते. म्हणाली, "बाबा, हे १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम विणलं होतं! वाजवीपेक्षा जास्त टाके वाढवत गेलं की हायपरबोलिक, म्हणजे जागोजागी खोगिरासारखा वळलेला, पृष्ठभाग तयार होतो. कागदाची प्रारूपं फाटायची, म्हणून विद्यार्थ्यांना दाखवायला त्यांनी क्रोशे वापरलं." मग तिने सहाचं गौडबंगालही उलगडलं. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ सहापेक्षा किंचित जास्त टाक्यांनी वाढतो, आणि मुका खांब साधारण जितका उंच तितकाच रुंद, म्हणून दर फेरीला सहा. मी आईला म्हटलं, "बघ, माझी चूक विद्यापीठात शिकवतात." आई म्हणाली, "त्यात चाव्या राहतील का?"

उसवलं. लोकर शेवयांसारखी कुरळी झाली, ती आधणाच्या वाफेवर धरून सरळ केली. पुन्हा सहा, बारा, अठरा, असं करत अठ्ठेचाळीसपर्यंत तळ सपाट आला. मग एक फेरी फक्त टाक्याच्या मागच्या धाग्यातून, की कड आपोआप वर वळते. त्यानंतर वाढ बंद, नुसतं सरळ चढत जायचं. रोज एक फेरी, तीही आंघोळीआधी, सगळे झोपेत असताना. अकराव्या दिवशी टोपली उभी राहिली. किंचित पूर्वेला झुकून, पण उभी.

शेवटच्या फेरीत सत्तेचाळीस भरले. एक टाका शॉर्ट! आईने टोपली हातात घेतली, कडेवरून नुसती बोटं फिरवली आणि म्हणाली, "अठ्ठेचाळीस आहेत." तिने आयुष्यात कधी टाके मोजलेले मी पाहिलेले नाहीत. पण कॅश जुळल्याशिवाय मी कधी घरी गेलेलो नाही. टाचणी लावून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकवीस, बावीस, तेवीस. स्वयंपाकघरात शिट्टी झाली.

"अहो, कितवी हो ही?"

"चोवीस," मी म्हणालो.