कासरा ओढला तर ओढला म्हणा!

गेल्या उन्हाळ्यात तासगाव तालुक्यातल्या एका मैदानावर बैलगाडी शर्यत बघायला गेलो होतो. चिठ्ठ्या निघाल्या आणि एकाच दावणीच्या दोन गाड्या एकाच गटात पडल्या, फाट्याही (पळायच्या पट्ट्या) शेजारशेजारच्या. गटात जी पहिली येईल तीच सेमीला जाणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. झेंडा पडला, दोन्ही गाड्या बुंगाट सुटल्या. निम्म्या फाटीत पुढच्या गाडीचा ड्रायव्हर जरासा मागं रेलला. जरासाच. डाव्या मनगटाला कासऱ्याचा एक वेढा जास्त पडला, बस. माझ्या शेजारचे मामा टोपी हातात घेऊन उठले, "ओढली रं ओढली!" म्हणजे शेजारची पुढं जावी म्हणून मुद्दाम रोखली. नंतर मालकाला गाठलं, तर म्हणाला, "बैल बुजला." बैलाचं काय जातंय, त्याला कुठं बोलता येतंय!

फॉर्म्युला वन मोटार शर्यतीतही एका टीमच्या दोन गाड्या असतात, आणि 'जोडीदाराला पुढं जाऊ दे' असा टीमनं ड्रायव्हरला दिलेला हुकूम म्हणजे टीम ऑर्डर. त्या दिवसापासून तिच्याबद्दल माझं मत पक्कं झालंय. ऑर्डर द्या, पण उघड द्या.

आमचा अड्डा म्हणजे सांगली-मिरज रोडवरचं मित्राचं गॅरेज. रविवारी संध्याकाळी साडेसहाला शटर अर्धं खाली, मोबाईल ग्रीसच्या डब्याला टेकवलेला, आणि चार-पाच जण पालथ्या टायरवर. वाद ठरलेलाच. निम्मे म्हणतात, ज्यानं त्यानं आपापलं पळावं, टीमनं मध्ये बोलू नये. ऐकायला छान आहे. पण गाडी टीमची, इंजिन टीमचं, आणि ड्रायव्हरच्या किताबाशेजारी टीमचा वेगळा किताब. ज्याचे दोन बैल पळतायत त्यानं तोंड शिवून बसावं, हे होणार नाही.

आणि बंदी घालूनही बघितलीय की. ऑस्ट्रिया, २००२. फेरारीचा बारिकेलो शर्यतभर पुढं, आणि शेवटच्या वळणानंतर रेषेच्या तोंडावर ब्रेक मारून जोडीदार शूमाकरला पुढं सोडलं. मोसमातली ती सहावी शर्यत, आधीच्या पाचातल्या चार शूमाकरनं जिंकलेल्या. गरज काय होती? लोकांनी इतकी हुर्यो उडवली की शूमाकरनं बारिकेलोला हाताला धरून पहिल्या पायरीवर उभं केलं. फेरारीला दहा लाख डॉलर दंड झाला तो पोडियमवरच्या या गोंधळाबद्दल. ऑर्डरबद्दल दंड करायला तेव्हा नियमच नव्हता! मग २००३ पासून निकाल फिरवणाऱ्या ऑर्डरवर बंदी आली.

बंदीनं ऑर्डरी थांबल्या नाहीत, भाषा तेवढी बदलली. २०१० ला जर्मनीत हॉकेनहाइममध्ये फेरारीचा ड्रायव्हर मासा पुढं होता, मागं जोडीदार फर्नांडो अलोन्सो. रेडिओवर त्याला निरोप आला, 'फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे. निरोप समजला ना?' समजला. बरोबर वर्षापूर्वी, त्याच २५ जुलैला, हंगेरीत पुढच्या गाडीची सुटलेली स्प्रिंग डोक्यात बसून मासा मरता मरता वाचला होता. (ती पुढची गाडी बारिकेलोची. योगायोग कसे असतात बघा.) वर्षभरानं पहिला विजय हातात होता, तो असा गेला. फेरारीला एक लाख डॉलर दंड, निकाल मात्र जागच्या जागी. म्हणजे 'बैल बुजला' एवढंच, फक्त इंग्रजीत. २०११ पासून बंदी उठवली, ते मला तरी बरोबर वाटतं.

आता सगळा रेडिओ आपल्याला ऐकू येतो, फरक पडला तो त्यानं. २०२४ ला हंगेरीत मॅक्लारेननं नॉरिसला टायर बदलायला आधी पिटमध्ये घेतलं, त्यामुळं तो जोडीदार पियास्त्रीच्या पुढं आला. मग 'जागा परत दे' म्हणून त्याच्या इंजिनिअरनं किती विनवण्या केल्या! ७० फेऱ्यांची शर्यत, पठ्ठ्यानं ६८व्या फेरीत सोडलं. आम्ही गॅरेजमध्ये श्वास धरून. चहा गार. ती ऑर्डर होती म्हणून मजा गेली का? उलट त्या विनवण्यांतच सगळी मजा होती.

२०२५ च्या इटलीतल्या मोंझाचा हिशोब तर कागदावर मांडून ठेवलाय. नॉरिसचा पिटस्टॉप रेंगाळला, पियास्त्री पुढं गेला, टीमनं दुसरी जागा परत द्यायला सांगितली, त्यानं कुरकुरत दिली. तीन गुणांचा फरक. वर्षाअखेर नॉरिस ४२३, रेड बुलचा व्हर्स्टापेन ४२१. ते तीन काढा, ४२० राहतात. किताब गेला की! अर्थात शेवटच्या शर्यतीत, अबुधाबीत, पियास्त्री दुसरा आणि नॉरिस तिसरा होता, म्हणजे गरज पडली असती तर तिथंही निरोप गेला असताच.

माझी खरी भीती वेगळीच आहे. २०१४ मध्ये केटरहॅम आणि मारुशिया या छोट्या टीमचे पैसे संपले, अमेरिकेत ऑस्टिनला फक्त १८ गाड्या उभ्या राहिल्या. तेव्हा काय तोडगा निघाला होता? मोठ्या टीमनी तिसरी गाडी उतरवायची! त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती एकट्या मर्सिडीजनं जिंकल्या होत्या. तिसरी गाडी असती तर पोडियमच्या तिन्ही पायऱ्या एकाच दावणीच्या झाल्या असत्या. दोन गाड्यांत एकाला थांबवता येतं. तिघांत एकाला पुढं काढायचं, दुसऱ्यानं मागच्यांना अडवायचं, तिसऱ्यानं सांगेल ते करायचं. मग शर्यत रेषेवर सुटायच्या आधीच बैठकीत संपते. म्हणून टीमला दोनच गाड्या, हा नियम मला टीम ऑर्डरपेक्षा शंभरपट महत्त्वाचा वाटतो. गर्दी हवी तर नवीन मालक आणा. २०२१ पासून खर्चाला मर्यादा आली, सुरुवातीला साडेचौदा कोटी डॉलर, त्यामुळं नव्यानं दावण बांधायची हिंमत तरी होते.

आणि २०२६ ला अकरावी टीम आलीच, कॅडिलॅक. एकूण गाड्या २२. ड्रायव्हर कोण घेतले, तर बोटास आणि पेरेझ. एक मर्सिडीजमध्ये जोडीदार हॅमिल्टनला वाट देऊन आलेला, २०१८ ला रशियात सोचीत तर चालून आलेला विजय सोडला त्यानं. दुसरा रेड बुलमध्ये व्हर्स्टापेनसाठी हॅमिल्टनला अडवून आलेला.

ही जोडी जाहीर झाली त्या रविवारी गॅरेजवाला पाना पुसत म्हणाला, "ह्यांची ऑर्डर कशी चालायची? दोघंबी 'आधी तू, आधी तू' करत बसतील, आन् मागनं वीस गाड्या निघून जातील."