15 लिटरच्या गीझरबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय मी दोनदा वाचला, आणि काल आमचा कारागीर तुमच्याकडे येऊन गेल्यावर त्याच्याशी बोलून मगच लिहायला बसलो. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत की पाणी लगेच तापवून देणारा इन्स्टंट गीझर मागितला असताना आम्ही 15 लिटरचा टाकीवाला गीझर गळ्यात मारला, दुसऱ्याच्या आंघोळीला पाणी गार होतं, विजेचं बिल वाढलं, आठ महिन्यांतच आतून आवाज यायला लागला, वॉल्व्हमधून पाणी ठिबकतं, आणि गॅसच्या गीझरचं विचारलं तर आमच्या माणसाने टाळाटाळ केली. यातल्या बऱ्याचशा गोष्टींत चूक आमची आहे. गॅसच्या बाबतीत मात्र मी माझ्या माणसाच्या पाठीशी उभा आहे.

आधी पाणी गार होण्याबद्दल. आमच्या माणसाने तुम्हाला विचारलं, "घरात माणसं किती?" तुम्ही "दोन" म्हणालात आणि त्याने 15 लिटरचा काढून दिला. हा प्रश्नच अपुरा होता. शॉवर किती वेळ चालतो आणि दोघांची आंघोळ लागोपाठ होते का, हे विचारायला हवं होतं. टाकीतलं पाणी 60 अंशांवर आणि नळाचं 20 अंशांवर धरा. दोन्ही सारखं मिसळलं की अंगावर घेण्याजोगं 40 अंशांचं पाणी होतं, म्हणजे 15 लिटरचे फार तर 30 लिटर. प्रत्यक्षात थोडे कमीच, कारण गरम पाणी बाहेर पडतं तसं गार पाणी आत येऊन मिसळत राहतं. तुमचा शॉवर मिनिटाला 8 लिटर सोडतो. कारागिराने बादली खाली ठेवून घड्याळ लावून मोजलं. म्हणजे चार मिनिटांच्या आतच टाकीचा जोर संपतो, आणि ती पुन्हा 60 अंशांवर यायला 2 किलोवॅटच्या एलिमेंटला, म्हणजे आतल्या पाणी तापवणाऱ्या नळीला, वीस मिनिटांच्या वर लागतात. दुसऱ्या माणसाला गार पाणी मिळालं यात तुमची काहीच चूक नव्हती.

मग इन्स्टंट दिला असता तर? तुमचा राग समजूनही मला सांगायलाच हवं की तुमची तक्रार त्याने मिटली नसती. स्वयंपाकघरात भांड्यांसाठी आपण लावतो तो 3 किलोवॅटचा इन्स्टंट 20 अंशांचं पाणी 40 वर नेऊन मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. तुमचा शॉवर त्यावर चालवायचा तर 11 किलोवॅटच्या आसपास ताकद लागेल. 230 व्होल्टला तो जवळपास 48 अँपिअरचा भार झाला, आणि तुमच्या बाथरूममधली वायर आणि 16 अँपिअरचा सॉकेट तो कधीच पेलणार नाही. इन्स्टंट वाईट नाही, हात धुवायला आणि भांडी घासायला तो उत्तमच. पण "लगेच गरम" आणि "भरपूर गरम" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे दुकानातच समजावून सांगणं आमचं काम होतं.

बिलाचं बोलायचं तर ठरावीक पाणी ठरावीक अंशांनी तापवायला विजेच्या कुठल्याही एलिमेंटला जवळपास सारखीच वीज लागते. टाकीवाल्याचं जास्तीचं नुकसान होतं ते भरून ठेवलेलं पाणी तासन् तास निवत राहतं आणि पुन्हा पुन्हा तापतं तेव्हा. तुमचा स्विच सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो असं कळलं. आंघोळीच्या आधी अर्धा तास लावून नंतर बंद केलात तरी फरक पडेल. पाणी किती तापवायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट मात्र बिलासाठी 45 वर आणू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो, म्हणून टाकी 60 वरच असावी. आणि 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा गार नळ आधी उघडायचा.

आता आवाज. कारागिराने काल एलिमेंट बाहेर काढून मला फोटो पाठवला. तांब्याची नळी दिसतच नव्हती. तिच्यावर बोटभर जाड पांढरट कवच होतं, मडक्याच्या खापरीसारखं, आणि नखाने दाबलं की त्याच्या खपल्या निघत होत्या. शेजारच्या मॅग्नेशियमच्या अ‍ॅनोड रॉडची नुसती तार उरली होती. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून तो रॉड स्वतः झिजतो, पण आठ महिन्यांत इतका नाही. तुमच्या इमारतीत बोअरचं पाणी येतं आणि ते फार जड आहे. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियमचा क्षार एलिमेंटवर बसतो, थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात, आणि तोच खदखद आवाज तुम्हाला ऐकू येतो. अशा एलिमेंटची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, ते स्वतःच जास्त तापतं आणि लवकर जळतं. पाणी कुठलं, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. तुमच्या तक्रारीतली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच, कारण तेवढं विचारलं असतं तर पहिली सफाई चौथ्या महिन्यातच ठरवून दिली असती.

ठिबकणारा वॉल्व्ह बिघडलेला नाही. पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं की दीड टक्का फुगतं. 15 लिटरमागे ते साधारण पाव लिटर होतं, आणि परतीची वाट बंद असल्यामुळे ते सेफ्टी वॉल्व्हमधून बाहेर येतं. ते भोक कोणी बंद करू नका, टाकीचा दाब तिथूनच सुटतो. पण हे बसवतानाच सांगायचं आणि त्याला छोटी नळी लावून पाणी मोरीत सोडायचं, हे आमच्याकडून राहिलं.

आणि गॅस. तुमच्या बाथरूमला एक छोटा झरोका आहे आणि थंडीत तुम्ही तोही बंद ठेवता, असं तुम्हीच सांगितलंत. अशा खोलीत साधा गॅस गीझर मी कोणालाही बसवून देणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. हवा कमी पडली की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आत असलेल्या माणसाला नुसती गुंगी आल्यासारखं वाटतं, आणि कडी उघडण्याइतकीही ताकद उरत नाही. पाणी मिळण्याच्या दृष्टीने गॅस तुमच्यासाठी चांगला आहे हे खरं, मिनिटाला 6 लिटर तो सहज देतो. पण तो बाहेर मोकळ्या हवेत बसला पाहिजे, नाहीतर हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त प्रकार घ्यावा लागतो. तुमच्या बाथरूमच्या बाहेरच्या बाजूला अशी जागा कारागिराला दिसली नाही. माझ्या माणसाने कारण नीट न सांगता विषय बदलला, हे चुकलं. नकार मात्र बरोबर होता.

सोलरसाठी तुम्हाला गच्चीवर हक्काची जागा नाही, आणि हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप वीज बरीच कमी खात असला तरी त्याला ऐसपैस मोकळी जागा लागते. म्हणून माझं मत असं: 15 लिटरचा आम्ही परत नेतो आणि 35 लिटरचा बसवतो. सोबत मिनिटाला 6 लिटर सोडणारा शॉवर. सहा-सहा मिनिटांच्या दोन लागोपाठच्या आंघोळींना 72 लिटर लागतात, आणि 35 लिटर गरम पाण्यात ते जवळपास भागतं. फरकाची रक्कम आम्ही घेणार नाही, नवा अ‍ॅनोड आणि पहिल्या वर्षाच्या तीन सफाया आमच्याकडून. एकच अडचण आहे. भरलेल्या टाकीचं वजन 50 किलोच्या आसपास जातं आणि तुमची ती भिंत ठोकल्यावर पोकळ वाजते, म्हणून कारागीर आधी दुसरी भिंत पाहील. तोवर सध्याचा गीझर वापरलात तरी चालेल, एलिमेंट साफ करून परत बसवलं आहे. फक्त जळल्याचा वास आला किंवा स्विच आपोआप पडला, तर मेन बंद करा आणि कुठल्याही वेळी मला फोन करा. शनिवारी सकाळी भिंत पाहायला यायचं का, तेवढं कळवा.