आधी लोड टेस्ट, मग टोकन

जुना जनरेटर विकणाऱ्याकडे लोड टेस्ट, म्हणजे पूर्ण भार टाकून चाचणी, मागितली की त्याचा सूरच बदलतो. "शेठ, चालू करून दाखवतो ना, अजून काय पाहिजे?" चालू होण्याचं काय घेऊन बसलात! बिनलोडचं इंजिन कुणीही फिरवून दाखवेल. मला 125 केव्हीए क्षमतेचा जनरेटर सेट हवाय. म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टरला (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) 100 किलोवॅट, 415 व्होल्टला प्रत्येक फेजवर साधारण 174 अँपिअर. तेवढा करंट तासभर देऊन दाखवा. फ्रिक्वेन्सी कोसळली नाही, काळा धूर ओकला नाही, पाण्याचं तापमान चढत गेलं नाही, तर मी भावात घासाघीससुद्धा करणार नाही. एवढंच मागणं आहे आणि नेमकं तेवढंच कुणी करून दाखवत नाही.

कारणं मात्र तयार असतात. बॅटरी उतरलीय. डिझेल नाही. लोड बँक (चाचणीसाठी कृत्रिम भार देणारं यंत्र) कुठून आणू? अहो, लोड बँक भाड्याने मिळते. ती नको असेल तर टाकीत मिठाचं पाणी करून लोखंडी प्लेटा सोडून लोड देणारे जुने मिस्त्री अजून आहेत. लाखोंचा व्यवहार करताय आणि एका तासाचं डिझेल जाळायला जीव जातो?

वर रंग! कॅनोपीला नवा रंग, इंजिनाला नवा रंग, होजपाइपवरही रंग, नटांच्या खाचांतून रंग ओघळलेला. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून वाइंडिंगचं इन्सुलेशन दाखवा म्हटलं की मेगर नाही. रंगाला पैसे आहेत, मेगरला नाहीत! मी पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवतात, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला किती खोकतं ते कळायलाच नको. ब्लॉकला हात लावला की चटका बसतो. विचारलं तर म्हणे सकाळी दुसरी पार्टी बघून गेली. ऑइल फिलरचं झाकण काढू द्यायलाही कुरकुर करतात, कारण लायनर-रिंगा गेल्या असतील तर ब्लो-बायचा, म्हणजे सिलिंडरमधून खाली निसटणाऱ्या वायूचा, धूर तिथंच दिसतो.

आणि तो चाललेले तास मोजणारा अवर मीटर! "हॉस्पिटलचा सेट आहे, स्टँडबाय, फक्त चारशे तास." कंट्रोलर बदलला की तास पुन्हा शून्यापासून सुरू होतात, हे या धंद्यात कुणाला माहीत नाही? आणि समजा खरंच हॉस्पिटलचा असला, तरी वर्षानुवर्षं नुसता टेस्टिंगपुरता फिरवलेला डिझेल सेट चांगलाच असतो असं कुणी सांगितलं? तीस टक्क्यांच्या खाली लोडवर सतत चालवला की डिझेल नीट जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काळा चिकटा साचतो, इंजेक्टरवर कार्बन धरतो. कमी तास म्हणजे ताजं इंजिन, हे खोटं आहे.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते नेमप्लेटच्या लबाडीनं. किलोवॅट इंजिन देतं, केव्हीए अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) झेलतो. लहान इंजिनाला मोठा अल्टरनेटर जोडायचा आणि अल्टरनेटरच्या प्लेटवरचा आकडा दाखवून किंमत सांगायची. दोन्ही प्लेटांचे फोटो मागा, इंजिनाची प्लेट "घासली गेलीय" असं उत्तर मिळतं. गुजरातमधल्या अलंगला तोडलेल्या जहाजांवरून येणाऱ्या सेटचंही तेच. ते बहुतेक 440 व्होल्ट, 60 हर्ट्झचे. 1800 आरपीएमचा सेट आपल्याकडच्या 50 हर्ट्झसाठी 1500 वर चालवला की त्याच प्रमाणात व्होल्टेज 367 च्या आसपास येतं, ताकदही उतरते. एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) पिळून 415 काढायचे, कोअर सॅच्युरेट होऊन (लोखंडी गाभ्याची चुंबकीय मर्यादा संपून) वाइंडिंग तापणार ती घेणाऱ्याची, आणि भाव मात्र जहाजावरच्या आकड्याचा!

1 जुलै 2023 पासून 800 किलोवॅटपर्यंतच्या नव्या सेटना सीपीसीबी-फोर प्लस, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं धुराबद्दलचं मानक, लागू झालं. हवा सुधारावी म्हणून आलेला नियम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नवे सेट महागले, लहान कारखानदार जुन्याकडे वळले, आणि या लोकांना मोकळं रान मिळालं. दहा-बारा वर्षांचा सेट नव्याच्या गुर्मीत विकतात. पक्कं बिल मागितलं की जीएसटी वेगळा, कच्च्यात घेतलं तर भाव कमी. कच्च्या बिलावर ना जीएसटीचं क्रेडिट मिळत, ना उद्या सेट चोरीचा निघाला तर हातात काही राहत.

भोसरी, चाकणला इंजेक्शन मोल्डिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, लाइट गेल्यावर काय होतं. बॅरलमधला माल गोठतो, स्क्रू अडकतो, साफ करून पुन्हा तापवेपर्यंत निम्मी शिफ्ट जाते. त्या घडीला जनरेटरने लोड घेतला नाही तर माणसं बसून राहतात, ऑर्डर चुकते, आणि विकणारा फोन उचलत नाही. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ठाऊक असूनच विकतात, म्हणून संताप होतो.

शेवटी ठरलेलं वाक्य: "टोकन टाका, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय." येऊ दे. इंजिन नंबर, अल्टरनेटर नंबर आणि लोड टेस्टचे आकडे बिलावर लिहून द्या, टोकन तिथल्या तिथे देतो. लिहून देणार नसाल तर मला पुन्हा फोन करू नका.