इंग्लंडातले द्राक्षमळे आणि दरवर्षी फिरणारा एक संदेश

इंग्लंडातल्या मराठी कुटुंबांत उन्हाळ्याच्या तोंडावर, आईवडील भारतातून यायच्या सुमारास, एक संदेश न चुकता फिरू लागतो. त्याचा आशय असा की, इथल्या थंडीपावसात द्राक्षे पिकतच नाहीत. परदेशातून रस आणून फक्त वाइनच्या बाटल्या भरल्या जातात आणि वेली नुसत्या देखाव्याला असतात, म्हणून मळ्याचा दौरा म्हणजे फसवणूक. गाडीवाचून मळ्यावर पोचता येत नाही आणि गाडी नेली तर वाइन चाखता येत नाही. शाकाहारी किंवा न पिणाऱ्या माणसाने तर तिकडे फिरकूच नये, सरळ फ्रान्स गाठावा. यंदा तो मला चौघांनी पाठवला, म्हणून एकदाच सविस्तर उत्तर लिहून ठेवतो आहे.

रसाची गोष्ट आधी घेतो, कारण हा गैरसमज कुठून आला ते सांगता येते. आयात केलेला, आटवून घट्ट केलेला द्राक्षरस ब्रिटनमध्ये आंबवला, तर त्या पेयाला ‘ब्रिटिश वाइन’ म्हणतात आणि ते स्वस्तात विकले जाते. ‘इंग्लिश वाइन’ मात्र इंग्लंडात पिकलेल्या द्राक्षांचीच असावी लागते. नावातला हा फरक ज्याला ठाऊक नाही, त्याने दुकानातली ‘ब्रिटिश’ बाटली उचलली आणि ‘इंग्लिश’ वाइनवरही तोच शिक्का मारला, असेच घडत आले आहे. आज ब्रिटनमध्ये हजाराच्या आसपास मळे आहेत, चार हजार हेक्टरांहून अधिक जमीन वेलींखाली आहे आणि २०२३ च्या विक्रमी हंगामात दोन कोटींहून अधिक बाटल्या भरतील एवढे पीक आले. देखाव्यासाठी एवढी शेती कोणी करत नाही.

थंडीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. हवा लहरी आहे, आणि डावण्या व भुरी हे निफाडच्या बागायतदाराची झोप उडवणारे रोग ससेक्सच्या बागायतदारालाही सोडत नाहीत. २०१७ च्या एप्रिलअखेर, वेलींचे डोळे फुटून कोवळी पालवी आली असताना गोठलेले दहिवर पडले आणि अनेक मळ्यांचे पीक गेले. अशा रात्री वेलींच्या ओळींमध्ये मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून माणसे पहाटेपर्यंत राखण करतात. २०१२ सालच्या ओल्या, सूर्यहीन हंगामात वेस्ट ससेक्समधल्या नायटिंबर या मळ्याने तर द्राक्षे प्रतीची नाहीत म्हणून त्या वर्षी वाइनच केली नाही. एवढे मान्य करूनही संदेशाचा निष्कर्ष चुकतो, कारण थंड हवेत मण्यात साखर सावकाश भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. खायच्या द्राक्षात हा दोष ठरेल, पण बुडबुड्यांच्या वाइनला नेमका तोच लागतो. म्हणूनच इथल्या उत्पादनाचा मोठा भाग बुडबुड्यांच्या वाइनचा आहे. शिवाय दक्षिण इंग्लंडच्या टेकड्यांखालचा खडूसारखा पांढरा चुनखडक इंग्लिश खाडीच्या तळातून जाऊन फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात पुन्हा वर येतो. नायटिंबरमध्ये १९८८ साली शॅम्पेनच्याच जातींच्या वेली लावल्या त्या शिकागोहून आलेल्या मॉस दांपत्याने. पुढे २०१० मध्ये ईस्ट ससेक्सच्या रिजव्ह्यू या मळ्याच्या वाइनने डिकँटर मासिकाच्या जागतिक स्पर्धेत बुडबुड्यांच्या वाइनचे सर्वोच्च पारितोषिक शॅम्पेनच्या हातून काढून घेतले. आणि ‘फ्रान्सला जा’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की, टेटिंजे या शॅम्पेनच्या जुन्या घराण्याने २०१५ मध्ये केंटमध्ये जमीन घेतली आणि २०१७ मध्ये तिथे वेली लावल्या. लाल वाइनच्या बाबतीत मात्र मी वाद घालणार नाही. थोडे अपवाद सोडले तर ती मला अजून पातळच वाटते. आणि बाटल्या महाग असतात, हेही खरे. एकरी उतारा शॅम्पेनच्या निम्म्यावरही बऱ्याच वर्षी जात नाही, त्याचा तो परिणाम.

दौरा म्हणजे फसवणूक, या विधानाला उत्तर म्हणून मी माझ्या मामांचा अनुभव सांगतो. निफाडकडे त्यांची स्वतःची बाग आहे. सरेमधल्या एका मळ्यात मार्गदर्शक बाई इतिहास सांगत असताना मामा ओळीत वाकून काहीतरी शोधत होते. शेवटी त्यांनी विचारले, ‘‘ड्रिपच्या नळ्या कुठं आहेत?’’ इथल्या बहुतेक मळ्यांत पावसाशिवाय पाणीच दिले जात नाही, हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प होते, आणि मग वर्षाला एकच छाटणी पुरते हे ऐकून त्यांनी हिशेबच मांडायला घेतला, कारण आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन चुकत नाहीत. आत वाइनरीत बाटलीतला गाळ काढण्याची क्रिया दाखवली. बाटली हळूहळू फिरवत उलटी केलेली असते, त्यामुळे मेलेले यीस्ट झाकणाशी येऊन बसते; मग फक्त मान गोठणाऱ्या द्रावात बुडवतात, झाकण उडवतात, आणि आतल्या दाबाने करंगळीच्या पेराएवढा राखी बर्फाचा खडा फट्‌कन बाहेर पडतो. हे पाहिल्यावर रस आणून बाटल्या भरण्याची कथा मामांनी तिथेच सोडून दिली.

फसगत होते ती वेळ चुकल्याने. नाशिकचा द्राक्षहंगाम जानेवारी ते मार्चचा, त्या सवयीने कोणी फेब्रुवारीत इथे गेला तर त्याला चिखल आणि काळ्या काड्या दिसतात. वेल हिवाळाभर झोपलेली असते, फुलोरा जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला येतो आणि तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते. घड पाहायचे असतील तर ऑगस्टच्या मध्यानंतर जावे. आणि आधी नोंदणी करावी, कारण लहान मळ्यांत तिकीटखिडकी नसते.

गाडीचा प्रश्न दुर्गम मळ्यांपुरता खरा आहे. पण डॉर्किंगजवळचा डेन्बीज घ्या: १९८६ मध्ये लागवड सुरू झालेला, सुमारे २६५ एकरांचा हा मळा डॉर्किंग स्थानकापासून चालत जाण्याजोगा आहे, आणि त्या स्थानकावर लंडनच्या वॉटर्लू व व्हिक्टोरिया या दोन्ही स्थानकांतून थेट गाड्या येतात. चढ ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी मळ्यातून फिरणारी छोटी गाडीही आहे. स्वतःची गाडी न्यायचीच असेल, तर चालवणाऱ्याने घोट थुंकीपात्रात टाकावा. चाखणाऱ्या जाणकारांची ती रीतच आहे, त्यात काही अपमान नाही.

राहिला जेवणाचा मुद्दा. डेन्बीज किंवा रॅथफिनी अशा मोठ्या मळ्यांत बसून जेवायची सोय आहे, आणि शाकाहारी पदार्थ ही आता इंग्लंडात विशेष विनंती राहिलेली नाही. न पिणाऱ्या माझ्या आईने स्कोन, जॅम आणि चहावर दुपार आनंदात काढली. मात्र संदेश लिहिणाऱ्याला जे सुचले नाही ते कट्टर शाकाहाऱ्याने विचारायलाच हवे: वाइन निवळण्यासाठी काही ठिकाणी माशाच्या पोटातला पदार्थ, अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातले प्रथिन वापरतात. काही मळे त्याऐवजी माती वापरतात आणि बाटलीवर ‘व्हीगन’ असे छापतात. तसे छापलेले नसेल, तर पहिला पेला हातात घेण्यापूर्वी चाखायला देणाऱ्या माणसाला विचारावे. त्याला हा प्रश्न नवा नसतो.