पिकलं फळ दहा मिनिटांत कुरकुरीत होत नाही

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर तीनदा येऊन गेला. पाठवणाऱ्या काकू वेगवेगळ्या, मजकूर शब्दन् शब्द तोच. कुठलंही फळ घ्या, पातळ चकत्या करा, एअर फ्रायर 200 डिग्रीवर लावा, दहा मिनिटांत कुरकुरीत गोड खाऊ तयार. तेल नाही, साखर नाही, म्हणून कॅलरी जवळजवळ शून्य. जीवनसत्त्वं जशीच्या तशी. डायबेटिसवाल्यांनी बिनधास्त खावा. डब्यात भरला की महिनाभर कुरकुरीत राहतो. खाली हात जोडलेले आणि 'सर्वांना पाठवा'.

मी पाठवला नाही, पण करून पाहिला. ऐन जुलैत, सफरचंद, केळं आणि चिकू घेऊन. सफरचंदाच्या कडा काळ्या आणि मधला भाग ओला, चामट. केळं जाळीला असं बसलं की उलथन्याचं टोक घालून खरवडावं लागलं. चिकूबद्दल न बोललेलं बरं. तरीही मी गप्प बसले असते. पण माझ्या सासऱ्यांनी, ज्यांना गेली नऊ वर्षं साखरेची गोळी चालू आहे, तो मजकूर वाचून विचारलं, "मग माझा डबा वेगळा भरशील का गं?" म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी ते दहा मिनिटांचं. सगळी गोम तिथेच आहे.

सफरचंदाच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 85 ग्रॅम पाणी असतं, पिकल्या केळ्यात 75 च्या आसपास. चकती कुरकुरीत व्हायची तर हे पाणी जवळजवळ सगळं जायला हवं. थोडं जरी राहिलं तरी ती वाकते, मोडत नाही. आता, यंत्रात ताकद नाही असं मुळीच नाही. 1400-1500 वॅटची कॉइल दहा मिनिटांत जेवढी उष्णता देते, तेवढ्यात एका सफरचंदाचं पाणी हिशोबाने उडायला हरकत नाही. अडतं ते फळात. पाणी गराच्या आतून बाहेरच्या बाजूला यायला स्वतःचा वेळ घेतं आणि त्याची घाई करता येत नाही. तोवर 200 डिग्रीची हवा कडा सुकवते, सुकलेल्या कडेतली साखर तांबूस होते आणि बघता बघता करपते. म्हणजे आच वाढवून वेळ वाचत नाही, फक्त करपण्याची वेळ लवकर येते.

नावानेही जरा घोळ केलाय. 2010 साली फिलिप्सने हे यंत्र 'एअरफ्रायर' म्हणून बाजारात आणलं, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की यात हवेने 'तळलं' जातं. खरं तर तो एक छोटा ओव्हन आहे. वर तापणारी कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा. तळताना तेल पदार्थाला चारी बाजूंनी भिडतं आणि हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने उष्णता आत ढकलतं. वाफ जोरात बाहेर पडते, तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, थोडं तेल शिरतं. कढईतल्या वेफरचा तो हलका कुरकुरीतपणा तिथून येतो. पंख्याला ते जमत नाही. त्याला जमतं ते वाळवण.

आणि वाळवणाचं गणित आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मांडून ठेवलंय. 'कुठलंही फळ घ्या' या वाक्याला माझं उत्तर तेच. माझी आत्या आगाशीची. तिच्याकडे राजेळी केळी पिकवून, सोलून, दिवसचे दिवस उन्हात घालून सुकेळी व्हायची. वसईच्या त्या सुकेळ्या ज्यांनी खाल्ल्यात त्यांना ठाऊक आहे, त्या चिवट आणि मधासारख्या गोड असतात. त्यांना कुरकुरीत कुणीच म्हणणार नाही. आंबापोळी घ्या, फणसपोळी घ्या, तीच गत. कोकणात ऊन काही कमी नव्हतं, हौसही कमी नव्हती, तरी पिकल्या फळाची पोळीच झाली. कुरकुरीत काय झालं? फणसाचे तळलेले गरे, तेही कच्च्या काप्या फणसाचे. केळ्याचे वेफर्स, तेही कच्च्या केळ्याचे. माटुंग्याला दुकानात जे कढईतून थेट पिशवीत पडतात, त्यातलं केळंही कच्चंच असतं.

याचं कारण सोपं आहे. कच्च्या फळात पिठूळपणा असतो, म्हणजे स्टार्च. पिकताना त्याची साखर होते. स्टार्च सुकला की कडक होतो आणि बऱ्यापैकी कडकच राहतो. साखरेचा स्वभाव चिक्कीच्या पाकासारखा. गरम असताना मऊ, गार झाल्यावर कडकडीत, आणि दमट हवा लागली की पुन्हा चिकट. म्हणून नीट वाळलेली सफरचंदाची चकतीसुद्धा यंत्रातून काढताना मऊच लागते. ती कच्ची समजून लोक आणखी पाच मिनिटं लावतात आणि जाळतात. एक चकती बाहेर काढून दोन मिनिटं पंख्याखाली धरा, मग ठरवा.

(कुणी म्हणेल, बाजारात पिकल्या फणसाचे कुरकुरीत चिप्स मिळतात की! मिळतात. ते बहुतेक निर्वात तळणीतले असतात. भांड्यातली हवा पंपाने काढली की पाणी कमी तापमानालाच उकळतं आणि साखर करपायच्या आत निघून जातं. घरच्या फ्रायरला तो पंप नसतो. डहाणू-घोलवडकडचे वाळवलेले चिकूही दहा मिनिटांत होत नाहीत, तासन्‌तास घालवून केलेले असतात.)

लिंबाचं पाणी लावल्याने चकत्या जास्त कुरकुरीत होतात, अशी एक पुरवणी तिसऱ्या काकूंनी जोडली होती. लिंबाने त्या काळ्या पडत नाहीत, एवढंच. जीवनसत्त्वांचंही थोडक्यात: 'क' जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने कमी होतं, तेव्हा 'जशीच्या तशी' हा शब्द काढून टाका.

आता कॅलरी. यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. तळलेल्या केळा वेफर्समध्ये वजनाच्या जवळपास एक तृतीयांश तेल असतं, 100 ग्रॅमला 500 च्या वर कॅलरी. फ्रायरमधल्या चकतीत ते तेल नाही, हा फायदा खराच. पण तेल नाही म्हणून कॅलरी नाहीत, हे कुठलं गणित? 100 ग्रॅम सफरचंदात 52 च्या आसपास कॅलरी असतात. पाणी उडालं की वजन 15 ग्रॅमवर येतं, कॅलरी मात्र होत्या तेवढ्याच राहतात, कारण पाण्यात त्या नव्हत्याच. म्हणजे अशा चकत्यांच्या 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात कॅलरी भरतात.

आणि साखर? 'साखर नाही' म्हणजे वरून घातलेली नाही. फळातली कुठे गेली? 100 ग्रॅम सफरचंदात साधारण 10 ग्रॅम साखर असते. ती आता 15 ग्रॅम चकत्यांत आहे. हातातल्या वाटीतल्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच. सासऱ्यांना हे मी आकड्यांनी सांगितलं तर ते वर्तमानपत्र उघडतात, म्हणून त्यांच्यासमोर दोन सफरचंदांच्या चकत्या केल्या. एका छोट्या वाटीत मावल्या. दुसरीकडे दोन अख्खी सफरचंदं ठेवली. "यातलं काय एका बैठकीत संपेल?" म्हटलं. ते वाटीकडे बघून हसले. अख्खं सफरचंद चावून दमायला होतं, पोट भरतं. चकत्या टीव्ही बघता बघता संपतात. डायबेटिस असलेल्यांनी फळ खाऊच नये असं मी म्हणत नाही. पण या चकत्या मोजायच्या त्या फळ म्हणूनच, आणि किती फळं कापली त्या हिशोबाने. डॉक्टरांनी दिवसाला एक सांगितलं असेल तर एकाच्याच चकत्या. 'बिनधास्त' हा शब्द ज्याने टाइप केला त्याला ग्लुकोमीटरची सुई टोचून घ्यावी लागत नसावी.

महिनाभर टिकण्याच्या दाव्याला मुंबईच्या पावसाळ्यानेच उत्तर दिलं. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा ऐंशी टक्क्यांच्या वर दमट असते. मिठाच्या बरणीत गोळे होतात, पापड वाकतात, काडेपेटी पेटत नाही, आणि फळातली साखर, त्यातही फ्रुक्टोज, हवेतलं पाणी ओढून घेण्यात सगळ्यांत पुढे. ताटलीत उघड्या ठेवलेल्या माझ्या चकत्या संध्याकाळचा चहा होईस्तोवर मऊ पडल्या. घट्ट डब्यातल्या तीन दिवस टिकल्या, पण त्यातही डबा जितक्यांदा उघडला तितकी त्यांची उमेद कमी झाली. डिसेंबर-जानेवारीत गोष्ट वेगळी.

तरी करायच्याच असतील तर अशा करा. फळ सफरचंदच घ्या, घट्ट, न पिठाळलेलं. दोन मिलिमीटरच्या एकसारख्या चकत्या, किसणीच्या पात्यावर. एकच थर, एकमेकांवर न चढवता. तापमान 90 डिग्री, वेळ तासभर ते दीड तास, मध्ये दोनदा उलटवून. आणि वरून स्टीलची जाळी ठेवायची, कारण पाणी गेलं की चकत्या हलक्या होतात, पंख्याच्या झोताने उडतात आणि कॉइलला जाऊन चिकटतात. पहिल्या दिवशी आमच्याकडे जो धूर झाला तो याचाच. यंत्र बंद झाल्यावर आतच गार होऊ द्या आणि लगेच डब्यात भरा. एका खेपेत एक सफरचंद जेमतेम मावतं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पाहुणे बसलेले असताना सुरुवात कराल.

आणि दहा मिनिटांत कुरकुरीत गोड हवंच असेल, तर कुरकुरीतपणाचं काम फळाकडून काढून पिठाकडे द्या. पिकलं केळं कुस्करून, ओलं खोबरं, गूळ, वेलची घालून कढईत घट्ट होईपर्यंत परता. मोदकाचं सारण करतो तसंच, फक्त ओलसरपणा राहता कामा नये, नाहीतर फुटतं. तयार समोसा पट्टीत भरून त्रिकोण करा, कडा मैद्याच्या खळीने चिकटवा, वरून तुपाचा हात फिरवा. 180 डिग्रीवर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटवा. पट्टी पातळ, तिच्यात पाणी थोडं आणि स्टार्च भरपूर, म्हणून ती तेवढ्यात कडकडीत होते. यात गूळ आहे, तूप आहे, कॅलरीही आहेत. फक्त आतलं सारण भयंकर तापलेलं असतं, तेव्हा मुलांच्या हातात देण्याआधी एक मोडून बघा.